वाडा पडतो तो माळवदापासून

बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं, की गावाकडचा दगडी वाडा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, मग रिकामा झाला की थोड्याच पावसाळ्यांत कसा काय बसतो? आज त्यावरच बोलू.

आपल्या बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या रांगेत, काळा पाषाण पायाखालीच आहे. म्हणून शेतकऱ्याचा वाडाही दगडाचा. पण बाहेरून भक्कम दिसणारी भिंत आतून एकसंध नसते. दोन्ही अंगांनी दगड आणि मधे माती, चिपा. वर लाकडी खांब, तुळया, किलचण आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं ते या मातीमुळंच.

पण माळवदाला दरवर्षी माणूस लागतो. पावसाळ्याआधी गवत उपटायचं, पांढरी माती टाकून चोपायची, पन्हाळ मोकळं करायचं. घराला कुलूप लागलं की हे थांबतं. पाणी तुळईत मुरतं, तिथून भिंतीच्या पोटात उतरतं. आतली माती फुगते आणि बाहेरचा दगड पुढं सरकतो. याला आपण भिंतीला पोट आलं म्हणतो. शेवटी भिंत कोसळते, पण सुरुवात वरून झालेली असते.

कुलूप का लागलं, तेही बघा. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९४९ मध्ये जहागिऱ्या संपल्या, १९५० चा कूळकायदा आला. पुढं भावाभावांत वाटण्या झाल्या. ज्या शेतीवर वाडा सांभाळला जायचा ती विभागली गेली, वाडा मात्र सामाईक राहिला. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही!

त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात अशाच दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. शेजारच्या लातूर-उस्मानाबादेत हजारो माणसं गेली. दगडी घराची धास्ती तेव्हापासून बसली, आणि ती खोटी नाही. पण दोष एकट्या दगडाचा नव्हता. भिंतीची दोन्ही अंगं बांधणारे आरपार दगडच नव्हते. दगडी बांधकामाच्या भारतीय मानकात ते उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडवे जास्तीत जास्त १.२ मीटरवर घालायला सांगितलेत.

आमच्याही वाड्याचे आज सहा वाटेकरी आहेत. दगड आणि सागवान विकून टाका, असं दोघांचं म्हणणं. मी एवढंच म्हणतोय, की ह्या उन्हाळ्यात वर पत्रे टाकू, भिंतीतला पिंपळ काढू, मग ठरवू. वरून सिमेंटचा गिलावा मात्र नको. ओल आतच कोंडते. पोट आलेल्या भिंतीखाली तर कुणी उभंही राहू नये, आधी जाणत्या इंजिनिअरला दाखवा.

तुमच्या वाड्याचं काय ठरलं? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.