दरवेळी नवे भुयार

बीदर शहरालगत नौबाद येथे बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीने खोदलेला कारेझ आजही पाहता येतो. कारेझ म्हणजे जमिनीखालचे पाणी उताराने वाहून नेणारा बोगदा. जांभ्या खडकातून गेलेल्या या बोगद्याला हवा आणि उजेड मिळावा म्हणून वरून उभ्या विहिरी पाडलेल्या आहेत, आणि एकदा ठरलेली त्याची वाट शतके उलटली तरी तीच राहिली आहे.

आरंभीचे संगणकीय भुयारी खेळही बरेचसे असेच होते. अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ केव्ह या खऱ्या गुहेच्या आधारे विल क्राउदर यांनी १९७५-७६च्या सुमारास रचलेल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात गुहेचा नकाशा ठरलेला होता, त्यामुळे कोडी एकदा उलगडली की पुन्हा खेळण्यात फारसे नावीन्य उरत नसे. ही उणीव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतील मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांना जाणवली आणि त्यातून १९८०च्या सुमारास 'रोग' हा खेळ जन्मला. (मराठीतल्या रोगाशी या नावाचा संबंध नाही, इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ भामटा असा होतो.)

या खेळाचे मर्म असे की भुयार आधी कोणी आखलेले नसते. प्रत्येक मजला नऊ चौकटींत विभागून संगणक त्यांत यदृच्छेने खोल्या मांडतो, त्यांना अरुंद वाटांनी जोडतो आणि राक्षस, शस्त्रे व अन्न विखरून टाकतो. पडद्यावर चित्र मुळीच नसते: केन अरनॉल्ड यांच्या 'कर्सेस' या संगणकप्रणालीमुळे अक्षरे पडद्यावर हव्या त्या जागी उमटवता येत असल्याने खेळाडू म्हणजे ई-मेलच्या पत्त्यातले ॲटचे चिन्ह, वटवाघूळ म्हणजे 'बी' आणि ड्रॅगन म्हणजे 'डी' एवढ्यावरच सारे जग उभे राहते. औषधांच्या कुप्यांचे रंग आणि गुंडाळ्यांवरची निरर्थक नावे यांचे अर्थही दर खेळी बदलतात, म्हणून निळ्या कुपीने मागच्या वेळी जीव वाचवला असला तरी यावेळी तीच डोळ्यांपुढे अंधार आणू शकते. ही कल्पकता आजच्या दिमाखदार चित्रांच्या खेळांतही क्वचितच आढळते.

१९८३ साली बर्कली येथील युनिक्स या संगणकप्रणालीच्या ४.२ आवृत्तीसोबत हा खेळ विद्यापीठांच्या संगणकांवर पोहोचला. पुढे त्याच्या धर्तीवरच्या खेळांचा 'रोगलाइक' नावाचा वर्गच तयार झाला.

सव्वीस मजले उतरून येंडॉरचा ताईत शोधायचा आणि तो घेऊन वर परतायचे, हे खेळाचे ध्येय. पण वाटेत भूक लागते, आणि मरण आले की ते कायमचे असते, कारण जतन केलेला खेळ पुन्हा उघडताच त्याची नोंद पुसली जाते. त्यानंतरचे पात्र ज्या भुयारात उतरते ते तोवर कोणीही पाहिलेले नसते, टॉय आणि विचमन यांनीसुद्धा नाही, आणि त्यामुळेच हा खेळ रचणाऱ्यांनाही तो खेळण्याचा आनंद घेता आला.