हळदीची साक्ष

जेवताना वरणाचा थेंब सदऱ्यावर सांडला, की पिवळा डाग पडतो. तो जावा म्हणून आपण त्यावर साबण घासतो, आणि पाहता पाहता पिवळा डाग तांबडा होतो! लहानपणी माझ्या एका नव्या सदऱ्याची अशी दशा झाली, तेव्हा मी पुरता घाबरलो व सदरा आजीपुढे धरला. तिने काही न बोलता डागावर लिंबाची फोड पिळली. तांबडेपणा क्षणात गेला. पिवळेपणा मात्र जागच्या जागी राहिला.

मुलांनो, यात दोष ना साबणाचा, ना सदऱ्याचा. हळदीत कर्क्युमिन नावाचे एक रंगद्रव्य असते. साबण, चुना, धुण्याचा सोडा या पदार्थांना रसायनशास्त्रात अल्कधर्मी म्हणतात. त्यांचा स्पर्श होताच कर्क्युमिनच्या रेणूची घडण किंचित पालटते व त्याचा रंग तांबडा दिसू लागतो. लिंबाच्या रसातील आम्ल ही घडण पूर्ववत करते. हळद व चुना एकत्र कालवला म्हणजे कुंकवासारखा रंग येतो, हे आपल्या घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक असते.

अशा रंगबदलाचा पदार्थ ओळखण्यासाठी पद्धतशीर उपयोग केला तो रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने. रंगांविषयीचा त्याचा ग्रंथ 1664 साली इंग्लंडात प्रसिद्ध झाला. व्हायोलेट नावाच्या जांभळ्या फुलांचा पाक त्या काळी औषध म्हणून वापरीत. बॉइलला आढळले, की आम्ल घालताच हा पाक तांबडा होतो आणि अल्क घालताच हिरवा. त्यापूर्वी पदार्थ आंबट की तुरट, हे पुष्कळदा जिभेनेच ठरवावे लागे. आणि प्रत्येक पदार्थ काही जिभेवर ठेवण्याजोगा नसतो! रंग पालटून पदार्थाचा गुण दाखविणाऱ्या अशा द्रव्यांना दर्शक म्हणतात. प्रयोगशाळेतील लिटमस हाही दर्शकच. तो आम्लात तांबडा व अल्कात निळा होतो. आपल्या मसाल्यात पडणारे दगडफूल ज्या वर्गातले, त्याच वर्गातील सजीवांपासून तो काढीत असत.

आता एक प्रयोग गुरुजींच्या देखरेखीखाली करून पाहा. खाण्याचा चुना थोडासा घेऊन भरपूर पाण्यात ढवळा व रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वरचे स्वच्छ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. हीच चुन्याची निवळी. तिचे दोन पेले भरा व एकात चिमूटभर हळद टाका. ते पाणी तांबडे होईल. आता दोन्ही पेल्यांत नळीने सावकाश फुंकर घाला. निवळी तोंडात ओढू नका आणि डोळ्यांत उडू देऊ नका, कारण चुना डोळ्यांना घातक असतो.

साध्या निवळीचे पाणी थोड्याच वेळात दुधाळ होईल. आपल्या उच्छ्‌वासात कार्बन डायऑक्साइड वायू असतो. निवळी तो शोषून घेते, आणि चुन्याशी त्याचा संयोग होऊन खडूचे सूक्ष्म कण तयार होतात. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1756 साली या वायूवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, ते चुनखडी व तत्सम पदार्थ हाताळताहाताळताच. दुसऱ्या पेल्याला अधिक धीर लागतो. परंतु फुंकर चालू ठेवली, तर चुना खर्ची पडत जातो, पाण्यातील अल्कपणा ओसरतो आणि तांबडा रंग पुन्हा पिवळट होतो. आजीच्या लिंबाने जे केले, तेच येथे आपल्या श्वासाने केले.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, म्हणूनच तो कधीकधी जिवावर बेततो. पूर्वी ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खोल खड्डा खणीत. त्याला पेव म्हणत. (‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार तुम्ही वाचला असेलच.) साठवलेले धान्यही मंद गतीने श्वसन करीत असते. बंद पेवातील प्राणवायू ते वापरते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी साचून राहतो. अशा पेवात घाईने उतरलेली माणसे बेशुद्ध पडतात, आणि त्यांना काढण्यासाठी मागोमाग उतरणारेही प्राणास मुकतात. म्हणून आधी पेटता दिवा दोरीने खाली सोडण्याची जुनी रीत होती. दिवा विझला, तर कोणी उतरत नसे. मात्र काही विषारी वायू अल्प असले तरी मारक असतात व त्यांनी दिवा विझत नाही. आज अशा जागी उतरण्यापूर्वी वायुमापक यंत्राने हवा तपासतात.

येथे चुन्याची निवळी उपयोगी पडेल काय? ती वायू कोणता हे सांगेल, पण माणूस तेथे जगेल की नाही हे सांगणार नाही. कारण अगदी थोड्या वायूनेही ती गढुळते. किती थोड्या, हे पाहायचे असेल, तर उरलेली निवळी पसरट बशीत ओतून उघडी ठेवा. सभोवतालच्या हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइडचे जेमतेम चार भाग असतात. तरीही दुसऱ्या दिवशी बशीतील पाण्यावर दुधावरच्या सायीसारखा पातळ, पांढरा पापुद्रा आलेला दिसेल.