मानसिक आरोग्याची कार्यशाळा : निधी कशासाठी व कोठून?

पुणे शहरात मानसिक आरोग्यावरील व्याख्यानांना आता तोटा राहिलेला नाही. १० ऑक्टोबर ह्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत, सार्वजनिक सभागृहांत आणि धर्मग्रामांतही कार्यक्रम होतात. तज्ज्ञ बोलतात, आभारप्रदर्शन होते, चहापान होते. सर्व पांगल्यावर एखादी आई दाराशी घुटमळते. मुलगा वर्षभर खोलीबाहेर पडत नाही, ही गोष्ट तिने सख्ख्या भावालाही सांगितलेली नसते. त्या वेळी तिचे ऐकून घेणारे कोणी तेथे आहे का आणि पुढील आठवड्यात ती कोणाकडे जाणार, ह्यावर कार्यशाळेचे यश ठरते. म्हणून निधी उभारताना कार्यक्रमाच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या महिन्यांचा विचार आधी करावयास हवा.

पुण्याचा अनुभव

ह्या बाबतीत पुण्याजवळ शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली. हा आजार त्यांनी स्वतःच्या घरात पाहिला होता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘देवराई’ (२००४) ह्या चित्रपटामागेही वाणी यांचा पुढाकार होता. चित्रपटामुळे ह्या आजाराचे नाव मराठी घरांत उघडपणे उच्चारले जाऊ लागले. मात्र संस्था तेवढ्यावर थांबली नाही. तिने कुटुंबीयांचे स्वमदत गट चालविले. चित्रपट दोन तासांत संपतो, गट मात्र पुन्हा पुन्हा भेटतो. रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी घेणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणण्याची रीत अशा गटांतूनच रुजली.

दुसरे उदाहरण ‘मुक्तांगण’चे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, ते पु. ल. देशपांडे यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीच्या बळावर. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची धुरा वाहिली. उपचार संपल्यावरचा पाठपुरावा आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट हे तेथील कामाचे अविभाज्य भाग बनले. पहिली देणगी दार उघडते, परंतु दार उघडे ठेवण्यास नित्य व्यवस्था लागते.

तिसरे उदाहरण पुण्याबाहेरचे असले तरी त्याचा उगम येथलाच आहे. इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ ते २०१५ ह्या काळात नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबविला. गावातीलच स्वयंसेवकांना दुःख ओळखणे, शांतपणे ऐकणे व गरजूस सरकारी दवाखान्यापर्यंत नेणे शिकविण्यात आले. पैसा माणसे घडविण्यावर खर्च झाला. अनुदानाची मुदत संपली तरी शिकलेली माणसे गावातच राहतात.

निधीचे मार्ग

सर्वांत भरवशाचा निधी म्हणजे स्थानिक लहान देणग्या. संस्थेस आयकर कायद्यानुसार सवलतीची मान्यता असल्यास देणगीदारासही काही लाभ मिळू शकतो.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि आरोग्याचा त्यात समावेश आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मॅरेथॉन, पुरस्कार समारंभ, प्रायोजकत्व असे एकदाच होणारे कार्यक्रम ह्या खर्चात धरता येत नाहीत, असे शासनाने २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. बहुवर्षीय प्रकल्पास मात्र वाव आहे. म्हणून कंपनीकडे एका दिवसाचा मंडप मागण्याऐवजी वर्षभराची मासिक सत्रे, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण व पाठपुरावा ह्यांचा आराखडा घेऊन जावे.

परदेशी मदतीचे नियम सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीने कडक झाले. एका संस्थेने स्वीकारलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेस देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. मोठ्या संस्थेकडून लहान संस्थेकडे अनुदान येण्याची जुनी वाट त्यामुळे बंद झाली. सभागृह, ध्वनिक्षेपक, स्वयंसेवकांचा वेळ ह्या स्थानिक मदतीचे मोल म्हणूनच वाढले आहे.

कार्यशाळा कशी चालवावी?

अंदाजपत्रकात वक्त्याचे मानधन, प्रवासखर्च, छपाई व अल्पोपाहार असतोच. त्यात आणखी तीन बाबी लिहाव्यात : कार्यक्रमानंतर एकांतात बोलण्यासाठी एक खोली व प्रशिक्षित समुपदेशक, किमान सहा महिने नियमित भरणारा गट, आणि स्वयंसेवकांचे प्रशिक्षण. पैसे कमी पडल्यास फलक व भेटवस्तू वगळाव्यात, ह्या तीन बाबी नव्हेत.

मोठ्या सभेपेक्षा वीस-पंचवीस जणांचा मेळावा बरा, कारण तेथे प्रश्न विचारले जातात. रुग्णास त्याच्या संमतीविना कोणाचेही उदाहरण म्हणून उभे करू नये. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे, आणि देणगीदाराच्या अहवालासाठीही ओळख उघड करू नये. नाव गुप्त राहील ही खात्री नसेल तर दाराशी घुटमळणारी आई आत येणारच नाही.

स्वयंसेवकाने निदान करू नये, औषध सुचवू नये, चालू औषध बंद करण्याचा सल्ला तर कदापि देऊ नये. ऐकणे व योग्य ठिकाणी पोहोचविणे हेच त्याचे काम. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक, तसेच जवळच्या सरकारी मनोविकार विभागाची वेळ व पत्ता प्रत्येकाच्या हाती लेखी द्यावा. प्रार्थनेचा आधार श्रद्धावानास बळ देतो, परंतु तो उपचारांस पर्याय नव्हे, हेही तेथे स्पष्ट सांगावे.

वर्षअखेरीच्या अहवालात उपस्थितांची संख्या लिहिण्याची प्रथा आहे. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा लिहावा : किती जण दुसऱ्यांदा आले? देणगीदारांनीही हाच आकडा विचारावा.