जुन्या संगणकाचा नवा कळफलक

१९८२ सालीं इंग्लंडांत निघालेला सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणक आज पुष्कळदा अडतो तो कळफलकापाशीं. यंत्राचा मेंदू शाबूत, पण बोटांचें म्हणणें त्याला पोंचत नाहीं ! कळांखालील प्लास्टिकच्या पापुद्र्याच्या दोन शेपट्या कालांतरानें ठिसूळ होऊन तुटतात. गोंदियाच्या उन्हाळ्यांत तर हें लवकरच व्हावयाचें. मग नवा सर्किट बोर्ड आंखणें आलें. चाळीस कळांना चाळीस तारा नकोत. ८ आडव्या व ५ उभ्या, अशा १३ तारांत काम भागतें. मात्र चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकदम दाबल्या, कीं चौथीही दाबल्याचा भास यंत्रास होतो. म्हणून प्रत्येक कळेस एक डायोड जोडावा. तो वीज एकाच दिशेनें जाऊं देतो. उलटा बसला, तर ती कळ मुकी !