पुढचं चाक काय सांगतंय?

मागच्या भागात आपण गटाच्या गाडीचा विमा आणि हप्ते यांवर बोललो. त्यानंतर तीन-चार गटांकडून एकच निरोप आला : हप्त्यांचं कळलं, पण गाडी गॅरेजला गेली की मिस्त्री सांगेल त्याला मान डोलवावी लागते, त्याचं काय करायचं? म्हणून आज पुढची चाकं आणि स्टिअरिंग. आणि गाडी कोणती, तर चारही चाकांना ताकद जाते ती मालवाहू पिकअप. आपण तिला नुसतं 'फोर बाय फोर' म्हणतो. घाटमाथ्यावर भात, हिरडा, भाजी बाहेर काढायला पावसाळ्यात तीच लागते, आणि बहुतेक गटांनी ती जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली असते.

आमच्या माहितीतल्या एका गटाच्या गाडीचं स्टिअरिंग थरथरायला लागलं. गॅरेजवाल्याने बघितलं न बघितलं आणि सांगितलं, स्टिअरिंग बॉक्स गेला. बॉक्स बदलला, पैसे गटाच्या खात्यातून गेले, थरथर होती तशीच. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी जॅकवर घेऊन डावं चाक हाताने हलवलं तर ते चक्क डुगडुगत होतं. बेअरिंग ढिलं होतं. नव्या बॉक्सचे पैसे काही परत आले नाहीत. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की मधले दीड महिने ती गाडी तसंच डुगडुगणारं चाक घेऊन घाट उतरत होती.

आधी चाकाच्या आत काय आहे ते समजून घेऊ. बैलगाडीचं चाक आसावर फिरतं, त्याला वंगण घालतात आणि ते बाहेर निसटू नये म्हणून खीळ मारतात. पिकअपचं तसंच आहे. ज्या गोल लोखंडी भागावर आपण नट आवळून चाक बसवतो तो हब. हबच्या आत दोन बेअरिंग असतात, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान, निमुळत्या रोलरचं, ग्रीसमध्ये बुडालेलं. बाहेरून एक मोठा नट ही बेअरिंग दाबून धरतो. तो जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, कमी आवळला तर चाक डुलतं. या नटाचा अंदाज म्हणजे मिस्त्रीच्या हाताची खरी परीक्षा. आतल्या बाजूला रबरी सील असतं. ते ग्रीस बाहेर जाऊ देत नाही आणि पाणी आत येऊ देत नाही.

फोर बाय फोर गाडीत आणखी एक गोष्ट असते. हबच्या मधून एक दांडा येतो, तो इंजिनची ताकद चाकाला देतो. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत हबच्या तोंडावर हाताने फिरवायची एक चकती असते. ती 'लॉक'वर असली की दांडा आणि चाक एकमेकांत अडकतात, 'फ्री'वर असली की चाक मोकळं फिरतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी जीप सामान्य माणसांच्या हाती आल्या, तेव्हा साध्या रस्त्यावर पुढचे दांडे उगाच फिरू नयेत, डिझेल-पेट्रोल वाचावं, झीज कमी व्हावी म्हणून असे हब निघाले. आर्थर वॉर्न या माणसाने १९४८ मध्ये त्याचा कारखानाच काढला. तुमच्या गाडीला चकती नसेल तर हे काम आतल्या आत होतं, त्याची चिंता नको.

आता तपासणी. सगळ्यात आधी टायरची हवा बघा आणि चाकाचे नट बघा. हे ऐकून हसू येईल, पण गाडी एका बाजूला ओढते म्हणून अलाइनमेंट करायला पाठवलेल्या गाडीच्या एका टायरमध्ये हवाच कमी असते, असं पुष्कळदा निघतं. दोन्ही पुढच्या टायरांत सारखी हवा भरा आणि मग चालवून बघा. नटाच्या भोकापासून गंजाचे ओघळ दिसत असतील तर तो नट ढिला आहे आणि चाक आतल्या आत हलतंय. पंक्चर काढल्यावर नट समोरासमोरचे आवळावेत, शेजारचे ओळीने नाही. आणि गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की पुन्हा एकदा आवळून बघावेत.

मग आवाज. ड्रायव्हरच्या शेजारी आपल्यातली एखादी बसतेच, तिने कान द्यायचा. बेअरिंग जायला लागलं की घुईं असा घुमणारा आवाज येतो. वेग वाढला की तो वाढतो. गाडी चालू असताना क्लच दाबला, इंजिनचा आवाज उतरला, तरी घुईं तशीच राहिली तर तो इंजिनचा नाही, चाकाकडचा आहे. टायरसुद्धा घुमतात, पण डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर आलं की टायरचा आवाज बदलतो. बेअरिंगचा फारसा बदलत नाही. कोणत्या बाजूचं बेअरिंग, ते वळणावर कळतं. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकावर पडतं. तेव्हा आवाज वाढला तर डाव्या चाकावर संशय घ्या, डावीकडे वळताना वाढला तर उजव्या.

गाडी थांबली की हात हबच्या जवळ न्या. एकदम टेकवू नका, चटका बसेल. दोन्ही बाजू सारख्या कोमट असतील तर ठीक. एकच बाजू फार तापली असेल तर एक तर बेअरिंग आवळलं गेलंय किंवा ब्रेक चिकटतोय. ब्रेक चिकटत असेल तर गाडी त्याच बाजूला ओढते आणि जॅकवर घेतल्यावर ते चाक हाताने सहज फिरत नाही.

जॅकची तपासणी दोघींनी मिळून करायची. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. जॅकने चाक उचललं की आसाखाली लोखंडी घोडी किंवा भक्कम लाकडी ओंडका द्या. वीट देऊ नका, ती फुटते. आणि कुणीही, अगदी ड्रायव्हरभाऊ म्हणाले 'काही होत नाही' तरी, गाडीखाली शिरायचं नाही. आपली सगळी तपासणी बाहेरून होते.

आता चाक वर आणि खाली धरा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे. एक हात ओढायचा, दुसरा ढकलायचा. चाक हललं, टक असं वाजलं, तर कुठेतरी ढिलाई आहे. पण कुठे? तो गटाचे पैसे ज्या एका प्रश्नामुळे वाया गेले तो हाच. त्याचं उत्तर असं काढायचं : दुसरीला गाडीत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा तसंच हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर ढिलाई बेअरिंगमध्ये आहे. ब्रेक दाबूनही हलत राहिलं तर दोष बेअरिंगच्या मागे, किंगपिन किंवा बॉल जॉइंटमध्ये आहे. किंगपिन म्हणजे चाक डावी-उजवीकडे वळतं ती बिजागरी. दाराची बिजागरी झिजली की दार लोंबतं, तसं चाक लोंबतं.

नंतर चाक आडवं धरा, घड्याळातल्या ३ आणि ९ वर. वर-खाली हललं नाही आणि फक्त असं आडवं हललं, तर स्टिअरिंगच्या दांड्यांचे सांधे बघायला हवेत.

त्यासाठी गाडी पुन्हा जमिनीवर घ्या. स्टिअरिंग बॉक्सपासून एक दांडा चाकाकडे जातो, त्याला ड्रॅग लिंक म्हणतात. दोन्ही चाकांना जोडणारा लांब दांडा तो टाय रॉड. प्रत्येक सांध्यात एक लोखंडी गोळा वाटीत फिरतो, वरून रबरी टोपी असते. एकीने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन सुरू ठेवावं लागेल, तेव्हा गियर न्यूट्रल आणि दगड लावलेले हवेतच. दुसरीने बाजूला बसून वाकून बघायचं. सांध्याच्या अलीकडचा दांडा हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तो सांधा झिजला. रबरी टोपी फाटली असेल तर आत माती गेली आहे आणि तो सांधा आज ना उद्या जाणारच. स्टिअरिंग बॉक्स जिथे चासीला बोल्टने धरलेला असतो तिथेही नजर टाका. हलवताना बॉक्सच हलत असेल तर बॉक्स खराब नसतो, त्याचे बोल्ट ढिले असतात किंवा चासीला तडा गेलेला असतो. तडा असेल तर गाडी तिथेच थांबवा.

ठरावीक वेगाला, किंवा खड्ड्यातून गेल्यावर, स्टिअरिंग हातात थडथड नाचतं आणि गाडी हळू केल्याशिवाय थांबत नाही, हा प्रकार अखंड आस आणि पाटे असलेल्या गाड्यांत जास्त दिसतो. कारण सहसा एक नसतं. टायरचं बॅलन्सिंग गेलेलं, त्यात किंगपिन थोडी ढिली, त्यात टाय रॉडचा सांधा थोडा झिजलेला. काही ठिकाणी स्टिअरिंगला लावलेला आडवा शॉकअब्सॉर्बर तेवढा बदलून देतात आणि नाच बंद होतो. आमच्या मते ही फसवणूक नसली तरी अर्धं काम आहे, कारण ढिला सांधा ढिलाच राहतो. असं रस्त्यात झालं तर ड्रायव्हरने अॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग घट्ट धरावं आणि हळूहळू ब्रेक लावावा, कचकन नाही. आणि हो, मागे क्षमतेपेक्षा जास्त पोती टाकली की पुढची बाजू हलकी होते आणि स्टिअरिंग आपोआपच तरंगल्यासारखं लागतं. तो गाडीचा दोष नाही.

चारही चाकांची ताकद लावून सुक्या डांबरी रस्त्यावर वळलात तर स्टिअरिंग जड होतं, गाडी अडकत, झटके देत वळते. हाही बिघाड नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात आणि अशा बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या दांड्यांना वेगवेगळं फिरायला मोकळीक नसते. म्हणून फोर बाय फोर चिखलात, ओल्या चढावर वापरायचं आणि पक्क्या रस्त्यावर काढायचं. चिखलात मात्र ताकद लावूनही पुढची चाकं ओढत नसतील तर दोन्ही चकत्या बघा. एक लॉक आणि एक फ्री राहिली असेल तर सगळी ताकद मोकळ्या बाजूचा दांडा नुसता फिरवण्यात जाते.

या चकत्यांचा तपासणीला फार उपयोग होतो. वळताना टक-टक-टक वाजतंय? दोन्ही चकत्या लॉक ठेवून मोकळ्या मैदानात हळू वळून बघा, मग दोन्ही फ्री करून तसंच बघा. फ्री केल्यावर आवाज गेला तर तो दांड्याच्या क्रॉस जॉइंटचा आहे. तसाच राहिला तर बेअरिंग किंवा ब्रेककडे जा.

शेवटी पाणी. भाताच्या दिवसांत गाडी ओढ्यातून, चिखलणीच्या कडेने जाते. घाट उतरून तापलेला हब एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील झिजलं असेल तर पाणी आत ओढलं जातं. असं ग्रीस दुधाळ, पातळ दिसतं. त्यावर गाडी चालवली की बेअरिंग गंजून खरबरीत होतं. आमच्या गटांनी ठरवलंय, की पावसाळा संपला की दोन्ही पुढचे हब उघडून, जुनं ग्रीस पूर्ण पुसून, नवं भरून घ्यायचं आणि सील नवं टाकायचं. जुन्यावरच नवं भरू देऊ नका.

गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या : आवाज कोणत्या वळणावर वाढतो, १२-६ ला हलतं का, ब्रेक दाबल्यावर थांबतं का, चकत्या फ्री केल्यावर काय होतं. मिस्त्री आपला शत्रू नाही. चांगला मिस्त्री असा कागद बघून खूश होतो. बेअरिंग बदललं तर त्याची बाहेरची वाटीसुद्धा नवी बसवायला सांगा, जुन्या वाटीत नवं बेअरिंग टिकत नाही. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून परत मागा, गटाच्या बैठकीत सगळ्यांनी तो हातात घेऊन बघावा. रोलरवर काळे-निळे डाग असतील तर ते तापून जळलं होतं, आणि गंजाचे खड्डे असतील तर पाणी गेलं होतं.

पुढच्या भागात ब्रेक घेऊ. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे केंद्रावर चिठ्ठी द्या.