गुहेत हात का लावायचा नाही?

शिलाँगला एका बैठकीसाठी गेलो असताना एक दिवस मोकळा मिळाला. जानेवारी महिना होता. सोहरा, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचलेले चेरापुंजी, तेथून फार दूर नाही. तिथे जाऊन एका खासी वाटाड्याबरोबर मॉम्लुह गुहेत उतरलो. गुहेत विजेचे दिवे नाहीत. डोक्यावर शिरस्त्राण, त्याला बांधलेला दिवा आणि पायाखाली गुडघाभर गार पाणी. हिवाळाच का निवडायचा, हे वाटाड्याने आधीच सांगितले होते. पावसाळ्यात या गुहांमधून ओढे वाहतात आणि पाणी केव्हा चढेल याचा नेम नसतो.

एका अरुंद जागी माझा पाय घसरला. शेजारी पांढरा, ओला, कमरेएवढा खांब उभा होता. मी त्याला धरणार तोच वाटाड्याने माझे मनगट पकडले. "आधार हवा तर माझा घ्या, त्याचा नको," तो हिंदीत म्हणाला. मी रसायनशास्त्राचा माणूस. त्याचे म्हणणे किती बरोबर आहे हे मला ठाऊक असायला हवे होते. म्हणूनच ते येथे नीट मांडतो.

या गुहा चुनखडकात आहेत. चुनखडक म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते शुद्ध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पण पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथला कार्बन डायऑक्साइड घेते. मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनामुळे मातीत हा वायू हवेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो. त्यामुळे पाणी किंचित आम्ल होते आणि चुनखडक विरघळवून कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात वाहून नेते. अशा रीतीने भेगा रुंदावत जाऊन गुहा बनतात.

पाणी गुहेच्या छतातून ठिबकते तेव्हा हीच क्रिया उलट होते. गुहेतील हवेत कार्बन डायऑक्साइड मातीतल्यापेक्षा कमी असल्याने थेंबातला वायू निसटतो आणि कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घनरूपात साचते. छतापासून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ आणि जमिनीवरून वर वाढतो तो ऊर्ध्वमुखी. पाणी वाळून क्षार मागे राहतात, असे पुष्कळदा वर्गात सांगितले जाते. पण खोल गुहेतील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. तेथे बाष्पीभवन फारच थोडे होते. मुख्य कारण वायूचे निसटणे हे आहे.

हे सारे एका परीक्षानळीत दाखवता येते. चुन्याची निवळी थोडे पाणी घालून पातळ करावी आणि तीत नळीने हळूहळू फुंकावे. फुंकताना निवळी तोंडात ओढली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. निवळी दुधाळ होते, इतके बहुतेक शाळांत दाखवले जाते. पण तेथे थांबू नये. बराच वेळ फुंकत राहिल्यास ती पुन्हा स्वच्छ होते. ही झाली चुनखडक विरघळण्याची पायरी. आता शिक्षकांनी ते द्रावण तापवावे. वायू निघून जातो आणि द्रावण पुन्हा गढूळ होते. ही झाली लवणस्तंभाची पायरी. गुहेत उष्णता नसते, पण वायू निसटण्याचे तत्त्व तेच.

फरक आहे तो वेगाचा. असा खांब अनेकदा वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वाढतो. या हिशेबाने वीतभर खांबाला दोन हजार वर्षे लागतात. सह्याद्रीच्या बेसॉल्टमध्ये कार्ल्याचे लेणे खोदले जात होते, त्या सुमारास त्याचा पहिला थर बसला असेल. बेसॉल्ट असा सहजी विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे लेणी पुष्कळ, पण अशा गुहा नाहीत.

खांबाचा प्रत्येक थर त्या काळच्या पावसाची खूण जपतो. ऑक्सिजनच्या अणूंत १६ वस्तुमानांकाचे हलके आणि १८ चे जड असे प्रकार असतात. या भागात मोसमी पाऊस जोरदार असला की त्याच्या पाण्यात जड अणू कमी आढळतात. पाऊस दुबळा झाला की ते वाढतात. थराचे वय युरेनियमवरून कळते. युरेनियम पाण्यात थोडे विरघळते, थोरियम जवळजवळ नाही. त्यामुळे नव्या थरात थोरियम नसल्यातच जमा असते. पुढे युरेनियमच्या ऱ्हासातून ते तयार होत जाते. ते किती झाले हे मोजले की वय मिळते.

मॉम्लुह गुहेतल्याच एका ऊर्ध्वमुखी लवणस्तंभात, सुमारे ४२०० वर्षांपूर्वीच्या थरांत जड ऑक्सिजन वाढलेला आढळला. मोसमी पाऊस दुबळा झाल्याची ती खूण होती. त्या सुमाराच्या कोरडेपणाच्या खुणा जगात इतरत्रही मिळाल्या. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघटनेने हा लवणस्तंभ प्रमाण मानून तेव्हापासूनच्या कालखंडाला 'मेघालयन' हे नाव दिले. आपण त्याच कालखंडात जगत आहोत. तो दुष्काळ सर्वत्र एकाच वेळी आणि सारखाच पडला का, याबद्दल संशोधकांत मतभेद आहेत. ते मिटवायचे तर अशाच आणखी खांबांची साक्ष लागेल.

आणि हे खांब फार नाजूक असतात. हाताचे तेल आणि मळ पृष्ठभागावर बसला की पाणी नीट पसरत नाही, रंग काळवंडतो आणि तेथली वाढ थांबू शकते. आठवण म्हणून कोणी टोक मोडले तर ते आपल्या हयातीत भरून येत नाही. चुनखडक हा सिमेंटचाही कच्चा माल आहे. डोंगर फोडला की गुहा जाते आणि तिच्यातली नोंदही जाते. सिमेंट आपल्या सर्वांना हवे असते, म्हणून कोठे खणायचे आणि कोठे नाही, हे ठरवताना त्या डोंगराच्या पोटात काय आहे हे आधी तपासले पाहिजे.

परतताना वाटाड्याने सर्वांना दिवे विझवायला सांगितले. डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हातही दिसेना. फक्त थेंबांचा आवाज येत होता. सहलीला मुलांना अशा गुहेत नेलेत तर ही दोन मिनिटे त्यांना जरूर द्या. मात्र त्याआधी, वर्गात, परीक्षानळीचा प्रयोग करून दाखवा. मग 'हात लावू नका' हे वेगळे बजावून सांगावे लागणार नाही.