एका मुलाची शिकवणी

नायगावात बी. डी. डी.च्या ज्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांतल्या एखाद्या चाळीच्या पॅसेजमधून संध्याकाळी सहाच्या सुमारास चालत जावे. दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, बहुतेकांची दारे उघडी, आणि निदान तीन-चार दारांतून एकाच तऱ्हेचा आवाज कानी पडतो. मोठे माणूस एक वाक्य म्हणते, लहान मूल तेच परत म्हणते. मोठ्याचा आवाज हळूहळू चढत जातो आणि मुलाचा उतरत जातो. हीच शिकवणी. पदरमोड करून, पोटाला चिमटा घेऊन लोक ती लावतात. म्हणून ती चालते कशी आणि तिच्यातून मुलाच्या हाती काय लागते, हे जरा बारकाईने पाहिले पाहिजे.

आमच्याकडेही गेले वर्षभर असा एक विद्यार्थी येत होता. मुलगा सात वर्षांचा, मराठी शाळेत दुसरीत. वडील टॅक्सी चालवतात; आई सकाळी चार घरी पोळ्या करते. पहिल्या दिवशी आई त्याला घेऊन आली आणि म्हणाली, "काका, याचं लक्षच नसतं. पाठ सगळं येतं, पण पेपरात काही लिहीत नाही." या एका वाक्यात सगळा रोग सांगितलेला होता. आम्हांला मात्र तो कळायला आठवडा लागला.

रोज एक तास ठरला, पाच ते सहा. पहिला आठवडा आम्ही शाळेची वही उघडलीच नाही. वर्गात चाळीस मुले असली की शिक्षकाला धडा पुढे न्यावाच लागतो. समोर एकच मूल असते तेव्हा धडा थांबवता येतो, आणि एकट्याच्या शिकवणीत खरी सोय असेल तर ती एवढीच. मूल कोठे उभे आहे हे आधी पाहावे. 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून खेडोपाडी मुलांच्या वाचनाची जी पाहणी चालवली आहे, तिची रीत आम्हांला येथे उपयोगी पडली. एका मुलाजवळ बसायचे आणि त्याला पाच-सहा अक्षरे, मग साधे शब्द, मग पहिलीच्या तोडीचा उतारा, मग दुसरीच्या तोडीची गोष्ट वाचायला द्यायची. जेथे मूल अडखळेल तेथून शिकवायला लागायचे. खर्च एका कागदाचा.

आमच्या विद्यार्थ्याने पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवला. आम्ही खूश झालो. मग सहज त्या पानावरच्या शेवटच्या ओळीतला एक शब्द बोटाने दाखवला आणि विचारले, हा कोणता? तो गप्प. त्याने क्षणभर वर पाहिले, ओठांतल्या ओठांत पहिल्या ओळीपासून म्हणायला लागला आणि म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत येऊन पोचला! म्हणजे तो वाचत नव्हताच. वर्गात सर्वांबरोबर म्हणून म्हणून त्याला धडा मुखोद्गत झाला होता, आणि पुस्तक केवळ हातात धरण्यापुरते होते. त्याचे पाठांतर असे चांगले नसते, तर ही गोष्ट पहिलीतच कोणाच्या तरी लक्षात आली असती.

नवा शब्द दिला की खरे अडखळणे सुरू होई. 'कविता' हा शब्द त्याने 'कीवता' असा वाचला. चूक म्हणून पुढे जाणे सोपे होते. पण तो असे का वाचतो? आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षराच्या मागून येते, पण कागदावर त्या अक्षराच्या आधी उभी राहते. डावीकडून उजवीकडे नजर नेणाऱ्या मुलाला 'क'च्या पुढे एक उभी काठी दिसते, आणि ती काठी 'क'चीच आहे असे धरून तो 'की' म्हणतो. यात त्याचे काय चुकले? त्याने मोठ्या शिस्तीने डावीकडून उजवीकडे वाचले, एवढेच. आम्ही वेलांटीची टोपी रंगीत खडूने काढली आणि ती कोणाच्या डोक्यावर झुकते ते त्याला बोटाने गिरवायला लावले. तीन दिवसांत 'कीवता' गेली. रफारानेही त्याला असेच दोन आठवडे छळले, पण ते पुराण येथे नको.

बोटाने गिरवणे ही काही आमची युक्ती नव्हे. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले, तेथे मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत. ताराबाई मोडकांनी ती पद्धत मराठीत रुजवली. त्यांचे शिशुविहार नायगावपासून फार लांब नाही, दादरच्या हिंदू कॉलनीत. आणि आपल्या जुन्या गावठी शाळांतली धूळपाटी तरी दुसरे काय होती? त्या शाळांना आपण पंतोजींच्या छडीबद्दल नावे ठेवतो, आणि ती छडी होतीच. पण तेथे इयत्तेची बेडी नसे. एकजण मुळाक्षरे गिरवीत बसे, शेजारचा बाराखडी, तिसरा पावकी-निमकी घोकीत असे, आणि ज्याचे झाले तोच पुढे जाई.

अंकांच्या बाबतीत जे घडले ते आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण ते घरोघरी घडते. आम्ही म्हटले, "एकोणचाळीस लिही." त्याने ४९ लिहिले. एकोणतीस सांगितल्यावर ३९. त्याच्या शाळेच्या वहीत अशा उत्तरांवर लाल फुल्यांची रांग होती. मजा अशी की तोंडी त्याला एक ते शंभर न चुकता येत असे. बत्तीस, चौतीस, पंचेचाळीस हेही तो अचूक लिही.

आम्ही विचारले, "यात चार का लिहिलास?"

तो म्हणाला, "चाळीस ऐकू आलं ना."

उत्तर अगदी रास्त होते. मराठीत संख्येच्या नावात एकक आधी आणि दशक मागून येतो. 'पंचेचाळीस' ऐकले की आधी पाच आणि शेवटी चाळीस. मुलाने ऐकून ऐकून स्वतःपुरता नियम बांधला होता : शेवटी जे ऐकू येईल ते दशकाच्या घरात. हा नियम त्याला कोणी शिकवला नव्हता. आणि तो प्रत्येक दशकात आठ वेळा बरोबर चालतो, नवव्या वेळी फसतो. कारण 'एकोणचाळीस' म्हणजे चाळिसाला एक उणा, आणि ती संख्या तिशीच्या घरातली. 'एकोण' म्हणजे नऊ लिहायचे एवढे त्याला ठाऊक होते. राहिले चाळीस, म्हणून चार. पुढे जाऊन भाषा स्वतःच आपला नियम मोडते. नव्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणत नाही.

मग खराट्याच्या काड्या आणल्या. दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधल्या. चार जुड्या पुढ्यात ठेवून म्हटले, "हे चाळीस. यातला एक उणा कर." त्याने जुड्यांकडे पाहिले. एक काडी उपसायला गेला, तर रबर सुटले आणि नऊ काड्या मोकळ्या झाल्या. तीन जुड्या, नऊ सुट्या. तो बराच वेळ बघत राहिला. आम्हीही तोंड मिटून बसलो, आणि खरे सांगायचे तर त्या तासातले सर्वांत अवघड काम तेच होते. शेवटी त्याने पाटीवर ३९ लिहिले आणि आपण होऊन विचारले, "मग एकोणसाठ पण असंच?" या एका गोष्टीला चार संध्याकाळ लागल्या.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही वाचावे अशी सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला हे वाचकांना आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची नावे आणि उलटा क्रम यांनी लहान मुले अडखळतात, म्हणून हा पर्याय, असे त्यांचे म्हणणे होते. कानडीत दशक आधी येतो, इंग्रजीतही वीस ओलांडल्यावर तसेच. आम्ही स्वतः 'एकोणचाळीस' सोडायला तयार नाही. बाजारात, घरात तीच भाषा आहे आणि ती मुलाला आलीच पाहिजे. पण ज्यांनी त्या वेळी थट्टा केली त्यांतल्या किती जणांनी सात वर्षांच्या मुलाला ४९ लिहिताना जवळ बसून पाहिले होते, अशी शंका येते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट तर आणखी निराळी. वाणी "पंचेचाळीस रुपये" म्हणतो आणि मूल आईला विचारते, "म्हणजे फॉर्टी-फाइव्ह ना?"

आता वर्गाचाही हिशेब पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिक शाळेला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सांगितले आहे. पस्तीस मिनिटांची तासिका तिसांत वाटली तर एका मुलाच्या वाट्याला मिनिटाहून थोडे अधिक येते. चार संध्याकाळ तेथे कोठून आणायच्या? शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. शिकागोच्या बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात एकट्याने शिकवलेला साधारण विद्यार्थी हा नेहमीच्या वर्गातल्या शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे गेल्याचे दाखवले होते. पुढच्या संशोधकांना एवढा मोठा फरक सहसा आढळला नाही, तरी फरक आढळला. या निबंधाचा दाखला पुष्कळजण देतात, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्या शिकवणीत एक पायरी पक्की झाल्याखेरीज पुढची घेत नसत. मूल आणि शिक्षक समोरासमोर बसले एवढ्यानेच काही होत नाही.

आणि आमच्याकडच्या शिकवण्या नेमक्या येथेच घसरतात. आई संध्याकाळी विचारते, "आज किती पानं झाली?" तिचेही खरे आहे. वही अपुरी राहिली तर शेरा येतो, शेरा आला तर शाळेत बोलावणे येते, आणि तेवढ्यासाठी एका दिवसाचे काम बुडते. मग शिकवणीचा तास शाळेची वही भरण्यात जातो. शिकवणारा उत्तर सांगतो, मूल उतरून घेते, सगळे समाधानी.

आम्हीही यातून सुटलो नाही. दिवाळीपूर्वीच्या परीक्षेला आठवडा उरला, तेव्हा आईचा काळजीने उतरलेला चेहरा पाहून आम्ही काड्या बाजूला ठेवल्या आणि दहा प्रश्नांची उत्तरे सांगून त्याच्याकडून पाठ करून घेतली. त्याचे पाठांतर उत्तमच. गुण चांगले पडले, घरी पेढे वाटले, आम्हांलाही एक मिळाला. सुट्टीनंतर त्यातलाच एक प्रश्न थोडा फिरवून विचारला, तर त्याने पूर्वीसारखेच वर पाहिले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. दोन महिन्यांत जी सवय मोडत आणली होती, ती आम्ही एका आठवड्यात परत लावून दिली होती. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पण काका, पास तर झाला ना?" यावर लगेच देता येईल असे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

जागेचा प्रश्न वेगळाच. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत स्वयंपाक, दूरदर्शन संच, पाहुणे आणि अभ्यास एकाच वेळी चालतात. परळच्या चाळीत रामजी सुभेदार भीमरावांना लवकर निजवीत आणि रात्री दोनला अभ्यासासाठी उठवीत, असे चरित्रकारांनी लिहिले आहे, कारण तेवढीच वेळ निवांत. हल्ली पुनर्विकासात पाचशे चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत. तेथे मुलासाठी एक कोपरा निघेल. मात्र शेजारच्या काकांचे दार उघडे असेलच असे नाही.

जानेवारीत आम्ही शिकवणी रोजची बंद करून आठवड्यातून तीन दिवसांवर आणली. आईला ते पटले नाही. पैसे कमी करतो म्हटल्यावर तर अधिकच संशय आला. आमचे कारण साधे होते. एका संध्याकाळी त्याने सत्तेचाळीस लिहिताना आधी ७४ लिहिले, आम्ही काही बोलण्याच्या आत थांबला, मनाशी काही मोजले, आणि स्वतःच पुसून टाकले. फेब्रुवारीपासून तो मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी येतो. बाकीच्या दिवशी खाली क्रिकेट चालते, आणि धावा मोजायचे काम सध्या त्याच्याकडे आहे.